शिक्का मारलेला नाच

त्या शुक्रवारी सकाळी मी दूध तापवून मेथी निवडायला बसले होते. वॉशिंग मशीनचा पाइप निसटून बाथरूमभर पाणी झालं, ते काढलं. बाहेर येऊन बघते तर हे इस्त्री करतायत. ज्या माणसानं जन्मात इस्त्रीला हात लावला नाही, तो शर्टाची कॉलर दाबत उभा. मी विचारलं, “कुठं निघालात?” म्हणाले, “नाचायला.”

मंडळी, तुम्ही कामावरून थेट ह्यांच्या शोकसभेला आलात, काही जण अबुधाबीहून आलात. मला भाषण येत नाही. म्हणून आधी मेथीपासून सुरुवात केली. मेथीचं बोलताना रडू येत नाही.

हे म्हणजे तुमचे शिंदे फोरमन. शारजा इंडस्ट्रियल एरियात वीस वर्षं लेथवर उभे राहिले. गेल्या महिन्यात तिथंच, मशीनपाशी खाली बसले ते उठले नाहीत.

तर नाच. मी सरळ विचारलं, “बायका असतात का तिथं?” म्हणाले, “असतात की. स्क्वेअर डान्स म्हणतात त्याला. चार जोड्या, चौकोनाच्या चार बाजूंना. एक जण बाजूला उभा राहून हाका देतो. तो सांगेल तसं आठ जणांनी करायचं.” मी म्हटलं, “हात धरून?” म्हणाले, “हात धरून.” मी मेथीची जुडी तशीच ठेवली.

मग म्हणाले, “अगं, साधासुधा नाच नाही. आमच्या कंपनीतल्या अमेरिकन वॉल्टर साहेबाच्या राज्यात सरकारनं ठराव केलाय. ऑफिशियल लोकनृत्य आहे ते!”

आपण सगळे इथं राहतो, तुम्हाला कळेल. इथं व्हिसाला शिक्का, सर्टिफिकेटला शिक्का, भाड्याच्या कराराला शिक्का. शिक्का असला की आपला माणूस निर्धास्त. ह्यांना वाटलं, नाचावर शिक्का आहे म्हणजे बायकोची परवानगी लागत नाही.

मला संशय आला. मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं वाचन पुडीच्या कागदावर आणि आपल्या मराठी मंडळाच्या कपाटातल्या पुस्तकांवर. पण एवढं कळत होतं की लोक नाचतात ते लोकनृत्य. सरकारला त्यात कशाला हात घालायचाय? आपल्याकडं शिमग्यात कोणी ठराव बघून नाचतं का?

वॉल्टर साहेब एकदा आमच्याकडं जेवायला आले. मी पुरणपोळी वाढली आणि लेकीला म्हटलं, “वैशाली, विचार त्यांना. लोक आधी नाचत होते, की ठराव झाल्यावर नाचायला लागले?” वैशालीनं कपाळावर हात मारला. “आई, प्लीज! ही इज अ गेस्ट!” पण विचारलं. साहेब खूप हसले. म्हणाले, नाचणारेच सरकारकडं मागणी घेऊन गेले. मग काही ठिकाणी दुसरे लोक उठले. आमचेही नाच आहेत, आम्ही या राज्याचे नाही का, असं म्हणाले.

मी ह्यांना म्हटलं, “बघा. एकावर शिक्का बसला की बाकीचे दाराबाहेर.” हे म्हणाले, “तू पोळी वाढ.”

मंडळी, हे मी उगाच सांगत नाही. ह्यांनी मंडळाच्या हॉलवर शुक्रवारी मुलांना हा नाच शिकवायला घेतला, तेव्हा कमिटीत काय काय बोललं गेलं? आज इथं तीन जण म्हणाले, शिंद्यांनी मुलांना एकत्र आणलं. तेव्हा कोण म्हणालं होतं, “लेझीम सोडून हे अमेरिकन खूळ कशाला?” देवधरभाऊ, मान खाली घालू नका. तुम्ही एकटे नव्हता. “आपलं अधिकृत ते लेझीम,” असं म्हणालात. मी मागं पोह्यांच्या पातेल्यापाशी उभी होते. मला वाटलं, अरे, इथंही शिक्का!

आणि सलमाभाभी, तुम्ही त्या दिवशी तुमच्या नाझनीनला घेऊन दारातच थांबला होता. रत्नागिरीची पोर, घरात मराठी बोलणारी. लेझमीच्या ग्रुपमध्ये तिला कोणी बोलावलंच नव्हतं. हे म्हणाले, “यल्ला, चल, आत ये! सातच आहेत, आठवं कोण?” चौकोनाला आठ लागतात. सातात तो उभाच राहत नाही.

आता हाकांचं सांगते. हाका इंग्रजीत होत्या. मला तेही खटकलं. म्हटलं, पोरं घरात आपण मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देतात, आता नाचही इंग्रजीत? हे स्वयंपाकघरात येऊन विचारायला लागले, “प्रोमेनेडला काय म्हणू?” मी पोळी लाटता लाटता विचारलं, “त्यात करतात काय?” जोडीनं ऐटीत गोल चालतात, म्हणाले. म्हटलं, “मग ‘मिरवा’ म्हणा.” स्विंगला गिरकी. फिरून आपल्या जागेवर यायचं, तिथं ‘घरी या’. असं करत करत सगळा नाच मराठीत आला. हाक कळली नाही तर पाय चुकतो आणि सातजण हसतात. म्हणून पोरांनी डावा-उजवा शिकला, कोपरा शिकला. देवधरभाऊ, तुमचा रोहन मला जिन्यात म्हणाला, “काकू, मी आज छान मिरवलो.” मी दोनदा विचारलं, काय म्हणालास?

ह्यांच्यावरचा माझा संशय तिथं संपला. बाकीच्यांवरचा नाही.

कारण परवा, गुरुवारी, आम्ही गावाकडून दिवसकार्य करून परत आलो. संध्याकाळी कमिटी भेटायला आली. बसले, हळहळले, चहा घेतला. कप खाली ठेवताना एक जण म्हणाला, “वहिनी, हॉलची किल्ली शिंद्यांकडं होती ना? आता तो नाच तसाही खलास. शुक्रवारचा वेळ लेझमीला देऊ.” ही मंडळी मला भेटायला आली होती की किल्लीसाठी? मी म्हटलं, “शोधते.” किल्ली माझ्या कनवटीला होती.

ते गेल्यावर नाझनीन आली. दारातच उभी राहिली, पहिल्या दिवसासारखी. म्हणाली, “काकी, उद्या हाका कोण देणार?”

लेझमीशी माझं वैर नाही. शनिवार आहे, बुधवार आहे, खुशाल वाजवा. पण कुठल्याही एका नाचाला शिक्का मारून दुसऱ्याच्या दाराला कुलूप लावू नका. ह्यांच्या नावानं तर नकोच.

माझं झालं की सगळे उभे राहा. थोडा वेळ कोणी काही बोलू नका, कौतुकसुद्धा नको. ह्यांना चुळबुळ झालेली आवडायची नाही, हाक ऐकू येत नाही म्हणायचे.

एवढंच सांगायचं राहिलं. नाझनीन विचारून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल सकाळी, दूध तापवलं, ह्यांचा टेपरेकॉर्डर घेतला, हॉल उघडला आणि आठ पोरं उभी राहिल्यावर हाक दिली, “जोडीला नमस्कार.”