घरची विचारपूस

विसर पडणाऱ्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्यांचा बुधवारचा मेळा मसाका गावातल्या दवाखान्याच्या ओसरीवर भरायचा. नाकिमेरा नाव नोंदवायला रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक भाऊबहीण हळू आवाजात भांडत होते. इतक्या हळू, की सगळ्या रांगेला ऐकू जावं.

"ताई, घरी चल. बाबांचं डोकं फिरलंय अशी गावभर दवंडी पिटायचीय का?"

"दवंडी कसली? इथल्या बायका आळीपाळीने येऊन त्यांच्यापाशी बसतात. तेवढ्यात माझी आंघोळ तरी होईल."

"त्यांना झालंय काय एवढं?"

"परवा स्वतः लावलेल्या केळीच्या बागेत दोन तास हरवले होते."

"बाग मोठी आहे."

"अर्धा एकर!"

"वयच झालंय गं. काल मी कंपालाहून आलो, तर अंगणात सामोरे आले. माझे दोन्ही हात धरून विचारपूस केली. प्रवास कसा झाला, पोरंबाळं काय म्हणतात. एक शब्द चुकला नाही."

"विचारपूस नाहीच चुकत त्यांची."

"मग? तू उगाच राईचा पर्वत करतेस."

"आणखी काय विचारलं?"

"सगळंच! तुझे वडील बरे आहेत ना, हेसुद्धा विचारलं. जुनी माणसं ती, रीत सोडत नाहीत."

रांग पुढे सरकली. बहीण जागची हलली नाही.

"मग तू काय सांगितलंस, लुबोवा?"

"काय सांगणार? म्हटलं, ठणठणीत आहेत."