दोन जावांचा जवळा

बसा, चहा निवेपर्यंत सांगतो. आमच्या दिवाळे गावात कॉलेजची एक पोरगी आली होती. जवळा, म्हणजे ती बारीक कोळंबी, जाळीच्या झाकणाखाली सुकवला तर जास्त चांगला खपतो का, हे तिला बघायचं होतं. म्हणून निम्म्या बायकांना झाकण, निम्म्यांना नाही. कुणाला द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. आमच्या घरात चिठ्ठी निघाली धाकट्या भावाच्या बायकोची. माझ्या बायकोची नाही निघाली.

महिन्यानं पोरगी परत आली. बघते तर एकाच झाकणाखाली दोघींचा जवळा.

"काकी, तुमचा उघड्यावर हवा होता ना? आता फरक कसा दिसणार? माझी सगळी मेहनत फुकट जाईल."

बायको म्हणाली, "पोरी, आमा दोघी जावांत फरक दिसू नये म्हनून तर जन्म घालवला."

पोरीचा चेहरा उतरला. मग जरा विचार करून म्हणाली, "बरं, पुढच्या वेळी घराघरांच्या चिठ्ठ्या टाकते. एक घर झाकणाचं, दुसरं बिनझाकणाचं."

बायकोनं झाकण हळूच उचलून दाखवलं.

"घर नको, आख्खी आळीच धर. त्या कोपऱ्यातला जवळा शेजारनीचा हाय."