दिनेशची टाकी

यार, एकदा मी असं बोलून गेलो ना, आठवलं की अजून लाज वाटते.

आमच्या जोगेश्वरीचा दिनेश पाण्यात उतरून बोटींचे तळ साफ करतो. श्वासाच्या टाक्या घरीच भरायला त्याने हवा दाबून भरणारा जुना कॉम्प्रेसर घेतला. मी वायरमन, म्हणून मला बोलावलं. त्याच्या मोटरला थ्री-फेज कनेक्शन लागणार होतं आणि सोसायटी परवानगी देईना.

मी म्हटलं, "कशाला पाया पडतोस रे? पेट्रोलचं इंजिन लाव, गच्चीत ठेव. झकास!"

तो हळूच म्हणाला, "गावी पेट्रोलचंच होतं. वारा फिरला आणि कॉम्प्रेसरने हवेबरोबर इंजिनाचा विषारी धूरही टाकीत भरला. वाससुद्धा आला नाही. तीच टाकी लावून माझा धाकटा भाऊ समुद्रात उतरला. जिवंत वर आलाच नाही."

"भरली कोणी होती?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"मीच."

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींच्या दारात बसलो, सही घेऊनच उठलो. मोटर बसली. पहिली टाकी भरली, पण दिनेशने ती कामावर नेली नाही. गच्चीतच तिची नळी तोंडात धरून बसला. रडत होता, तरी टाकी संपेपर्यंत श्वास घेत राहिला.