जित्याचा विलाप

—बस रे व्लास, त्या पेटीवर बस, कुबडी भिंतीला लाव. पोल्तावाहून सीमा ओलांडून या परमुलखात, क्राकुफपर्यंत एका पायावर आलास आणि आल्या आल्या तोंड उघडतोस? आधी माझं ऐक. मांडीवरच्या बंदुऱ्याच्या साठ तारा, या मेल्या हीटरने सगळ्या उतरल्यात, त्या लावून होईपर्यंत तरी ऐक. बाहेर बघितलंस ना? ऐकायला आलेले चीज खातायत. कोटाला आपल्या देशाच्या झेंड्याची फीत, हातात वाइन, आणि डोळे आत्तापासूनच ओले — शी! गेल्या खेपेला एक बाई माझा हात धरून म्हणते, ‘तुमचं दुःख किती सुरेल आहे हो!’ सुरेल! हात सोडवून घेतला मी. आणि हे आमचे आयोजक, झिग्मुंतसाहेब — ‘मोत्रियाबाई, लग्नाची गाणी नकोत, लढाई चालू आहे, लोकांना रडायचंय.’ वीस वर्षं लग्नांत वाजवलं मी! शेजारी माझा धाकटा भाऊ, आमचा प्रोकिप, डफ बडवायचा — तुला काय सांगायचं म्हणा, तू त्याच्याच खंदकातला. दुसऱ्यांच्या लग्नात घसा फोडून ओरडायचा, स्वतःचं मात्र केलं नाही कधी, छत्तीस वर्षांचा घोडा.

तर लग्नाची गाणी बंद. मग काय हवं? विलाप! मढ्यापाशी बसून बायका म्हणतात तो. वर त्यासोबत तारा वाजवा म्हणे. आपल्याकडे विलापाला कधी वाद्य लागलंय? आजी असती तर केरसुणीने झोडपलं असतं मला. पण वाजवल्या. डोक्यावर छप्पर हवं होतं — वाजवल्या. तरी पुरेना. म्हणे, यात कुणाचं नाव का नाही, नावाशिवाय काळजाला भिडत नाही. अरे, नाव असतं ते समोरच्या मढ्याचं! मी कुणाचं घेऊ? पहिल्यांदा आईचं घेतलं, ती गेलेलीच आहे. म्हातारीसाठी कोण रडतंय? चघळत बसले सगळे. मग — मग तोंडात आलं ते आलं. ‘प्रोकिप, माझ्या भावा, तुझे बूट आता कोण घालील?’ हॉल हुंदक्यांनी भरला. उभे राहून टाळ्या. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात म्हणे लोक — इथे तर मढंही नव्हतं! त्याच सकाळी फोनवर शिव्या घालत होता मला, मोजे अजून पोचले नाहीत म्हणून. जित्या माणसाचा विलाप करू नये, हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि मी अकरा वेळा केला. दर वेळी आधीपेक्षा चांगला झाला. थुंक माझ्यावर, थुंक तू, मलाच माझी किळस येते.

तुम्ही तिथे खंदकात पाहिलात ना माझ्या त्या विलापाचा व्हिडिओ? काय म्हणाला तो? हसला? हसलाच असेल, ‘ताईने पुरलं मला’ म्हणून सगळ्यांना दाखवत सुटला असेल — नको, सांगू नकोस. ही वरची तार बघ, लागतच नाही. गप्प बस, बोलू नकोस म्हटलं ना! मला कळलं नाही वाटतं? दारातून आलास तेव्हाच टोपी काढून छातीशी धरलीस तू. कसल्या निरोपाला टोपी काढतात ते मला शिकवू नकोस. तेव्हापासून बडबडतेय ती तुझं तोंड उघडू नये म्हणून.

ऐक, घंटा झाली. आज नाव घ्यायला हरकत नाही, आज सगळं रीतीला धरून आहे — आणि आजच माझ्या घशातून विलाप निघायचा नाही. ऊठ. घाल ती टोपी. घाल म्हणते ना! जाता जाता झिग्मुंतला सांग, मोत्रिया आज लग्नाची गाणी वाजवणार आहे. आवडलं नाही तर हाकलून दे म्हणावं. बिनलग्नाचा गेला की आपल्याकडे त्याला नवरदेव करूनच नेतात, हे मात्र त्याला सांगू नकोस — नाहीतर तो त्यांना सांगेल, आणि ते टाळ्या वाजवतील. जा.