ओढ्यावरून फिरलेल्या डोल्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख माननीय काशीरामशेठ, व्यासपीठावरील सर्जनसाहेब, मेट्रन चंपाबाई, पोलादपूर-कापड्याहून मुद्दाम आलेली मंडळी आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

निरोप माझा आहे, म्हणून माझ्याविषयी सगळे चांगलेच बोलले. आभारी आहे. ‘कामात चोख’ असे अध्यक्ष म्हणाले. त्याच कामाविषयी पाच मिनिटे मागते.

१९८० साली मी इथे सांख्यिकी सहायक म्हणून रुजू झाले. सर्जनसाहेबांचा अभ्यास तेव्हा नुकता सुरू झाला होता. मोठी दुखापत झालेला माणूस किती वेळाने पोहोचतो, आणि वाचतो का? झाडावरून पडलेले, बैलाने मारलेले, घाटात ट्रकखाली सापडलेले. वेळ, अंतर, नाडी, रक्तदाब, परिणाम. प्रत्येकाचा एक तक्ता. तीन वर्षांनी आकडे मांडले. जवळपासच्या शहाण्णव जखमींपैकी अकरा दगावले होते. डोंगरातल्या वाड्यांतून माणसांच्या खांद्यावरच्या डोलीने आलेल्या एकसष्टांपैकी फक्त तीन.

मी अहवालात लिहिले, ‘डोंगरातील रुग्ण काटक असल्याने उशीर सोसतात.’ हे वाक्य माझे आहे, सर्जनसाहेबांचे नव्हे. सर्जनांच्या परिषदेत ते वाचले गेले, त्याची वाहवा झाली. आणि त्याच्याच आधारावर डोंगरपायथ्याच्या कापड्याला सलाइन, एक नर्स आणि जीप ठेवण्याचा प्रस्ताव आपल्या मंडळाने बाजूला सारला.

गेल्या फेब्रुवारीत बऱ्या झालेल्या एका रुग्णाची नोंद घ्यायला मी कापड्याच्या वरच्या वाडीत गेले. शेजारच्या साळूबाई येऊन बसल्या.

“माझ्या लेकाचं, सखाचं नाव हाय का गो तुझ्या वहीत? शेतात भाजायच्या राबाच्या फांद्या तोडताना झाडावरनं पडला तो.”

शोधले. नव्हते.

“नसंलच. ओढ्यापाशी दम तुटला, तिथूनच डोली फिरवली.”

“दवाखान्यात का नाही आणलंत?”

“मेल्याला डागदरकडं कशाला? चिरफाड करायला? जित्याला खाली नेतात, मेल्याला घरी आनतात. शिकल्यालीस ना तू? एवढं नाय कळत?”

नव्हते कळत. डोंगरात ही रीतच आहे. म्हणजे आमच्या दाराशी पोहोचत होते ते फक्त वाटेत न दगावलेले. वाट जितकी लांब, तितके आमचे आकडे देखणे. यात काटकपणा कुठे आला?

त्यानंतर दर रविवारी जाऊन बावीस वाड्या पाहिल्या. वाट दाखवायला आपला शिपाई हरिबा होता, आणि चेष्टा करायलाही तोच. “बाई, जित्यांची शिरगणती सरकार करतंय, मेल्यांची तुमी करा!” प्रत्येक नाव दोन घरी वेगवेगळे विचारले, दोन्हीकडे जुळले तरच लिहिले. सतरा माणसे निघाली. मग जवळच्या वस्त्यांतही हेच विचारले. तिथे दोन. आता मांडणी करा. जवळचे दगावतात शेकडा तेरा. डोंगरातले शेकडा पंचवीसहून जास्त.

दुरुस्त तक्ता सर्जनसाहेबांनी ओळन् ओळ तपासला आणि त्यावर सही केली. मंडळाकडे तो चार महिने पडून आहे. अध्यक्ष मला म्हणाले होते, “अहो ताई, जे आलेच नाहीत ते आपले पेशंट कसे?” पंधरा दिवसांनी मला नोकरीची मुदतवाढ नाकारल्याचे पत्र आले. दोन्हींचा संबंध आहे असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. ज्याचा आहे तेवढेच बोलते.

शेठजी, त्या प्रश्नाचे उत्तर आज देते. ते आपल्याकडेच निघाले होते.

आज सकाळी तो तक्ता, एकोणीस नावांसह, परिषदेच्या कार्यवाहांना आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना रजिस्टर टपालाने रवाना केला आहे. एक प्रत कापड्याच्या मंडळींसाठी आणली आहे. भिकूभाऊ, वर या. नको, टाळ्या नकोत. प्रत घ्या, आणि जीप मागायला जाल तेव्हा ती पुढे ठेवा.

शाल-श्रीफळाबद्दल, चार वर्षांच्या सोबतीबद्दल आणि आत्ता शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल सर्वांची ऋणी आहे. बोलण्यात कुणाचा मान दुखावला असेल, तर क्षमा असावी. आकड्यांबद्दल मात्र क्षमा मागत नाही. प्रत्येक नावापुढे वाडी लिहिली आहे. शंका असेल त्याने चढून जावे आणि विचारावे.