पट्टीवरची नावं

रूपराव: चहा नको, वहिनी. मी बसाले नाई आलो. मले एकच सांगा, मधुकरराव. त्या मंगळवारी तुम्ही सिनेमा मधातच काऊन बंद केला?

मधुकरराव: बसा तं खरं, रूपरावजी. तेरवी होऊन दोन दिस नाई झाले, अन् उन्हात पायी आले तुम्ही.

रूपराव: आनंदा दीड वाजता गेली. मी वर्ध्याले दवाखान्यात होतो. पोरानं, मुकेशनं, घरी फोन केला, अन् पावणेदोनले साऱ्या सिंदी गावचे टीव्ही काळे. मले तं माहीतच नव्हतं. तेरवीच्या पंगतीत माणूस मले सांगते, "रूपरावजी, तुमच्या घरच्या बाईसाठी केबलवाल्यानं सिनेमा बंद केला." एकानं नाई, चौघांनी सांगतलं. सांगतलं अन् एकमेकांकडे पाह्यलं.

मधुकरराव: लोक तं काहीही पाहतात.

रूपराव: माहं दुकान त्या दिवशी चार वाजेलोक उघडं होतं. सून होती काउंटरवर, मोहिनी. तिले बंद कराचं सुचलंच नाई. नवऱ्याचं किराणा दुकान चालू, अन् केबलवाल्याचा सिनेमा बंद. कोण लागत होती ती तुमची?

वच्छलाबाई: घ्या. इचारलं एकदाचं.

मधुकरराव: तू आत जाय.

वच्छलाबाई: मी कायले आत जाऊ? भाऊजी, हाच प्रश्न मी यायले वीस वर्षं आधी इचारला आहे. तुम्ही उशीर केला.

रूपराव: म्हणजे काही होतं.

वच्छलाबाई: होतं ना. रोज दुपारी फोन वाजे अन् आमचं माणूस ताटावरून उठे. एक दिवस मीच उचलला. तिकडून बाई म्हणते, "त्यायले सांगजो, धा मिनटात ताट जाते." मले वाटलं, ही काही खुणेची भाषा आहे. दोन दिस मी यांच्याशी बोलली नाई. भाजीत मीठ बी नाई टाकलं.

रूपराव: ताट जाते? ते तं आमचं आहे!

वच्छलाबाई: तुमचं?

रूपराव: आमच्या घरचं आहे ते. सिनेमात वाईट बातमी आली की बाईच्या हातात ताट असतेच. बातमी आली की ताट पडते, वाट्या घरंगळत जातात. आनंदा दुकानामागच्या खोलीत टीव्ही पाहे. मधात पडदा. तिथून ओरडे, "ताट गेलं जी!" मी साखर तोलता तोलता इचारो, "कोणाचं?" ती म्हणे, "मायचं!" गिऱ्हाईक हसे. हे नवरा-बायकोतलं आहे, मधुकरराव. ते तुमच्या फोनवर कसं आलं?

मधुकरराव: फोनवर आलं, अन् फोनवरून पट्टीवर गेलं. आता सांगतोच सारं. माह्या चॅनलवर दुपारी सिनेमा लावतो मी. खाली पट्टी सरकते, कपड्याच्या दुकानाची, दवाखान्याची जाहिरात. एकदा आनंदाबाईचा फोन आला. म्हणे, "मधुकरराव, हा शिपाई आता मरते." मी म्हटलं, "तुम्ही पाह्यला का हा सिनेमा?" म्हणे, "नाई. पण तो म्हणाला ना, उद्या माही सुट्टी आहे. जो उद्याची सुट्टी सांगते, तो आज गोळी खाते." अन् पाच मिनटात गेला तो.

रूपराव: उद्या सुट्टी.

मधुकरराव: तेच. मले इतकं हसू आलं की पट्टीवर टाकलं, "सावधान, उद्या सुट्टी!" दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर लोक तेच बोलून राह्यले. मंग रोजचंच झालं. बाईनं ओळखाचं, नाव सांगाचं, अन् मी ते येण्याच्या आधी पट्टीवर टाकाचं. पहिला खोकला, म्हणजे सुरुवातीले जो खोकलला, तो मध्यांतरानंतर नाई. चहावाले पोलीस, कारण सारं संपल्यावर येतात, तवालोक चहाच पीत असतात. अर्धा फोटो, लहानपणी हरवलेल्या भावांचा.

रूपराव: पानठेल्यावर बोलत होते?

मधुकरराव: साऱ्या सिंदीत बोलत होते जी. तुम्ही कधी पट्टी नाई वाचली?

रूपराव: मी दुकानात असतो. अण्णाजी मास्तर चहापत्ती घ्याले येत, म्हणत, "आमचा जावई म्हणजे चहावाले पोलीस, सारं काम आटोपलं की येते." मले वाटे, हे माह्या दुकानातून गेलं. हिचं ओरडणं ऐकलं असन गिऱ्हाइकानं अन् नेलं घरी. मले मनात मोठं बरं वाटे. सारं गाव माह्या घरचे शब्द बोलून राह्यलं म्हणून.

वच्छलाबाई: तुमच्याच घरून तं गेले, भाऊजी.

रूपराव: यांच्या हातून गेले! माह्या हातून नाई. पडद्यामागून मले एक आवाज, अन् यायले फोन. आधी कोणाले सांगे ती? मले की तुम्हाले?

मधुकरराव: आता त्याचं काय...

रूपराव: सांगा.

मधुकरराव: मले. पट्टीवर टाकाले टाइम लागे ना. ते पडद्यावर आलं की मंग तुम्हाले ओरडत असतीन.

रूपराव: म्हणजे मले शिळं.

वच्छलाबाई: असं नका बोलू.

रूपराव: मंग मले सांगतलं काऊन नाई? पट्टीवर आपलं चालू आहे, एवढं एक वाक्य? या वीस वर्षांत रोज एका ताटात जेवलो आम्ही.

वच्छलाबाई: तिनंच नको म्हटलं होतं. मी इचारलं होतं तिले, इथंच, या खाटेवर बसून. म्हणे, "वहिनी, काउंटरपासून टीव्हीलोक अकरा पावलं आहे, मी मोजली आहे. एक ना एक दिवस ते येतील, बाजूले बसतील, पट्टी वाचतील अन् म्हणतील, अवो, हे तं तुह्यं आहे. तवा मी सांगन."

रूपराव: गिऱ्हाईक असे.

वच्छलाबाई: हाव.

रूपराव: दुपारी खेड्यापाड्यांतली माणसं येत मालासाठी. त्यायले सोडून कसा जाऊ मी? अन् ती इथं कवा आली? या खाटेवर?

वच्छलाबाई: हळदीकुंकवाले. दर सक्रांतीले येत होती. बाकीच्या बाया वाण घेऊन निघून जात, ही चार वाजेलोक बसे. मीच म्हणो, बस म्हणून. यांच्या सिनेमाच्या सीड्यांच्या पाकिटांवर नावं लिहून देत होती. यांचं अक्षर यायलेच वाचता येत नाई.

रूपराव: मले म्हणे, वच्छलाबाईनं सोडलंच नाई.

वच्छलाबाई: खरंच नव्हतं सोडलं ना.

रूपराव: दाखवा पाकिटं.

मधुकरराव: रूपरावजी, आता सारं पेनड्राइव्हवर आहे. ते जुनं...

रूपराव: दाखवा म्हटलं.

वच्छलाबाई: कपाटाची चाबी यांच्या खिशातच असते. द्या काढून. कायले लपवता?

(मधुकरराव कपाट उघडतात. पाकिटांचे गठ्ठे खाटेवर येतात.)

रूपराव: हे तिचं अक्षर आहे. डाळीच्या डब्यांवर असंच लिहे ती, मोठं मोठं. "ताट गेलं, दोनदा." "खोकला, सासऱ्याचा." हे काय? "थांबा म्हणणारा"?

मधुकरराव: लगनात अक्षता पडाच्या वेळेवर जो दारातून ओरडते, "थांबा! हे लगन होऊ शकत नाई!" बाई म्हणत, इतक्या लगनात जेवली मी, एकबी ओरडला नाई. जेवणाआधी तं कोणीच नाई ओरडत.

रूपराव: हे मले माहीत नव्हतं.

मधुकरराव: शंभरातलं एखादं राहूनच जाईन.

रूपराव: अन् हे? "पाठमोरा." हे बी पाठमोरा. एक, दोन, तीन... सात पाकिटं आहे. हे मी कधीच नाई ऐकलं. काय आहे हे?

मधुकरराव: जाऊ द्या. फालतू आहे.

वच्छलाबाई: सांगा त्यायले. नाई तं घरी जाऊन भलतंच मनात घेतीन.

मधुकरराव: सिनेमात बाई बोलत असते. मनातलं सारं सांगत असते. अन् माणूस खिडकीकडे तोंड करून उभा असते, आपल्याले त्याची पाठच दिसते. तिचं बोलून होते. मंग हा वळते, तं ती तिथं नसते.

रूपराव: हे पट्टीवर टाकत होते तुम्ही?

मधुकरराव: नाई. बाई म्हणत, हे टाकू नका.

रूपराव: हे मले ओरडून काऊन नाई सांगतलं तिनं?

वच्छलाबाई: हे कसं ओरडन, भाऊजी?

रूपराव: म्हणजे हे तुमच्या दोघांतच होतं.

मधुकरराव: हाव. हे एक.

रूपराव: सात सिनेमे. ती माह्या घरात, माह्या टीव्हीसमोर. तुम्ही इथं. एकच सिनेमा, एकाच टायमाले, दोघं मिळून पाहून राह्यले. अन् मी मधात गुळाची भेली फोडून राह्यलो. तिचा हातही धरला असता ना तुम्ही, मधुकरराव, तं मी तुमची कॉलर धरली असती अन् मोकळा झालो असतो. याचं मी काय करू?

मधुकरराव: माहा काही हक्क नाई, हे मले कळते. मयतीत मी सगळ्यांत मागं उभा होतो. कोणी इचारलं, तुम्ही कोण, तं काय सांगाचं? केबलवाला. माह्या पोरीनं, सपनानं, मोबाइलवर वाचून सांगतलं, आनंदाबाई गेली म्हणून. सिनेमा चालूच होता. त्यात एक बुढी खोकलली. माहा हात फोनकडे गेला, अन् फोन काही वाजला नाई. मंग बंद केला सिनेमा. दुसरं माह्या हातात काय होतं?

वच्छलाबाई: माह्या हातात कपबश्यांचा ट्रे होता तवा. पडला बिडला नाई. ओट्यावर ठेवला अन् मंग बसली खाली.

रूपराव: ही पाकिटं मी घेऊन जातो. सारी.

मधुकरराव: सारी?

रूपराव: अन् तिची नावं आता पट्टीवर नाई टाकाची.

मधुकरराव: लोक इचारून राह्यले, बंद काऊन झालं म्हणून.

रूपराव: इचारू द्या. माही बायको आहे ती. साऱ्या सिंदीची नाई.

मधुकरराव: पट्टी बंद करतो. पण पाकिटं... निम्मी ठेवा, रूपरावजी. तुमच्याजवळ डब्यांवर अक्षर आहे तिचं. चष्मा असन, लुगडी असतीन. माह्याजवळ एवढंच आहे.

वच्छलाबाई: पाहा. हे असं आहे. मी बायको समोर उभी आहे, अन् दोन बुढे दुसरीच्या अक्षरासाठी भांडून राह्यले. मीठ पुन्हा बंद करू का मी भाजीतलं?

रूपराव: करा, वहिनी. यांचं करा.

वच्छलाबाई: तुम्ही बी जेवूनच जासान आज. भाऊजी, पाठमोरा तुम्ही न्या. ते तुमचंच आहे. बाकीची राहू द्या इथं. मनात आलं की येत जा अन् वाचत जा.

रूपराव: सात न्यायची, अन् तीबी ही.

वच्छलाबाई: हीच न्यायची.

रूपराव: ह्या कोपऱ्यातल्या गठ्ठ्यावर काहीच नाई लिहलं.

मधुकरराव: ते समुद्रपूरच्या एका केबलवाल्यानं दिले, धंदा बंद करताना. बाईनं पाह्यलेच नाई. पुढच्या सक्रांतीले पाहू म्हणत होत्या.

रूपराव: तुम्ही पाह्यले?

मधुकरराव: एकबी नाई.

रूपराव: मंग यातला एक लावा. तुम्ही दोघांनी मिळून पाह्यलेला मले नाई पाह्यचा. कोणताबी लावा.

वच्छलाबाई: आता? दुकान?

रूपराव: मोहिनी आहे. तुम्ही सरका थोड्या, वहिनी. इथून नीट दिसत नाई.

मधुकरराव: आवाज वाढवू का?

रूपराव: राहू द्या. हा बुढा कोणाशी बोलून राह्यला? खोलीत तं कोणीच नाई.

मधुकरराव: बायकोच्या फोटोशी. तो पाहा, हार घातला आहे. चहाचा कप घेऊन समोर बसते अन् दिवसभराचं सांगते तिले.

रूपराव: हे नेहमीचंच आहे?

मधुकरराव: लई सिनेमात आहे. माह्याजवळच वीस-पंचवीस निघतीन.

रूपराव: मी तं काहीच नाई बोललो अजून. फोटो फ्रेमवाल्याकडेच पडून आहे.

वच्छलाबाई: आणा ना मंग.

रूपराव: याले काय म्हणे ती?

मधुकरराव: याले?

रूपराव: हाव. या बुढ्याले. मले ओरडून नसन सांगतलं. तुम्हाले सांगतलं असन.

वच्छलाबाई: पाकिटं पाहा ना, असन लिहलेलं.

मधुकरराव: पाहायची गरज नाई. मले सारी पाठ आहे. याचं नाव द्याचं राह्यलं तिचं.