व्याह्यानं धाडलेला वळू

तसं नाही, तसं नाही — वळू नंतर, आधी बस. बस म्हणते ना. भाकरीचा तुकडा मोड, साय लाव त्याला, अजून गुरं वरच्या कुरणावर गेली नाहीत म्हणून पातळ आहे, पण गोड आहे. वळू काय पळून जातोय? मागल्या अंगणात बांधलाय, खाऊन-पिऊन रवंथ करत उभा असेल. नवरा घरी नाही माझा. खालच्या आळीत एकाचं घर बांधतायत, सगळं गाव चिखल तुडवायला गेलंय, तोलोगोनही गेलाय, संध्याकाळपर्यंत काही यायचा नाही. जाताना मला बजावून गेलाय — शारिपा, वळू बघायला कोणी आलं तर चहा ओत, साय पुढे कर, वळूची तारीफ कर आणि तोंड बंद ठेव. आता तूच सांग बाळा, तारीफ पण करायची आणि तोंड पण बंद ठेवायचं, हे एकाच तोंडानं कसं जमायचं? गावात म्हणतात, शारिपाच्या जिभेला लगाम नाही. म्हणोत बापडे.

तर वळू चांगला आहे. पांढराशुभ्र, परदेशी रक्ताचा, पाठ अशी रुंद की वर ताट मांडून जेवायला बसावं. मारकुटा नाही. लेकरं पोटाखालून जातात, मान हलवत नाही. खुरं चांगली, डोळे चांगले, बर्फात उभा राहतो — झालं, संपलं माझं कौतुक. का विकताय म्हणतोस? बघ, हे कोणी विचारलं तर काय सांगायचं ते नवऱ्यानं शिकवलंच नाही मला. तोलोगोन असता तर म्हणाला असता, याच्या पोरी वयात आल्या, बापाला लेकींपासून दूर केला पाहिजे, म्हणून विकतो. म्हण तसं. खरंच आहे ते एका परीनं, फक्त त्याच्या पोरी वयात यायला जगायला तर पाहिजेत ना.

तो आवाज? काही नाही, कालवड आहे. गोठ्यात कोंडलीय. सकाळपासून माजावर आलीय, हंबरून हंबरून घसा फोडतेय. आता तू विचारशील, दारात हत्तीएवढा वळू बांधलेला असताना कालवड कडीकुलपात का — चहा घे, गार होतोय. तुझ्या गायी कशा आहेत रे? ठेंगण्या? आमच्यासारख्याच ना, हिवाळ्यात बर्फ उकरून काड्या खाणाऱ्या? आणि त्यात पहिलारू किती? हं. मग खाली ठेव ती वाटी आणि ऐक, नवरा मला मारो की झोडो.

दोन-चार वेतं झालेली जुनी गाय असेल, तर लाव तिला हा वळू, माझी ना नाही. वासरू असं पडतं की खाटीक बाजारात एकमेकांच्या दाढ्या धरतात. पण कालवडीला लावू नको. याचं डोकं बघितलंस? खांदे बघितलेस? त्याचं पोर पोटात असतानाच तसलं डोकं आणि तसले खांदे घेऊन वाढतं, आणि आमच्या कालवडीचं कमरेचं हाड हे एवढं, माझ्या दोन ओंजळी. वासरू निघतंय कुठून? ठिपकी म्हणून कालवड होती माझी, अंगभर ठिपके, बोटानं दूध पाजून वाढवलेली, तिची आई लवकर गेली होती. ती अडली. तिघं जण पायाला दोर बांधून ओढत होते, तोलोगोन, त्याचा भाऊ आणि शेजारचा जुमाश, मी डोकं मांडीवर घेऊन बसले होते, आणि ती माझ्याकडे बघत होती, ओरडत नव्हती. जनावर ओरडत नाही ना तेव्हा समजावं. वासरू निघालं ते मेलेलं निघालं, आणि तासाभरात तीही गेली. वासरू मात्र पांढरं होतं हां. सगळे म्हणाले, बघा काय हाडापेराचं आहे. मेलेल्या वासराची हाडं-पेरं बघत होते. मला असा संताप आला होता, सांगते तुला, तो दोर त्यांच्याच गळ्यात घालावासा वाटला.

मग हा असला वळू आणलाच कशाला? आणला नाही बाबा, आला. पोर सून करून नेली की लोक तिच्या बापाला घोडा देतात, मेंढ्या देतात, जे काय झेपेल ते देतात, पण आमचा व्याही, पोरीचा सासरा ओमुर्झाक, त्याला चारचौघांसारखं काही करायचंच नसतं. गळ्यात लाल फीत बांधून वळू उतरवला ट्रकमधून, सगळं गाव बघायला लोटलं, म्हातारे दाढीवरून हात फिरवून दुवा द्यायला लागले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात ना — घोडं परवडलं असतं रे, घोड्यावर बसता तरी येतं. मी त्याच दिवशी तोलोगोनला मोरीपाशी गाठलं, म्हटलं, आपल्या गायी एवढ्या, हा एवढा, कसं व्हायचं? तर म्हणाला, मला दिसत नाही का? त्यालाही दिसत होतं, सगळ्यांना दिसत होतं. अरे, गुरात जन्म गेला या गावाचा, वळू बघायचा तर वळूचं धड बघू नये, त्याची आई कशी व्यायली ते विचारावं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण व्याह्याचा मान! पदरी पडलं, पवित्र झालं. व्याह्यानं दिलेलं खच्ची करत नाहीत, विकत नाहीत, परत तर नाहीच नाही, परत पाठवलं की त्याच वाटेनं पोर परत आली समजायचं.

आणि आमचं एकट्याचं असतं तर आम्ही भोगलं असतं. गावाची गुरं एकत्र चरतात, आज या घरानं राखायची, उद्या त्या घरानं, आणि कळपात वळू एकच, दोन ठेवले तर झुंजत झुंजत दरीत जातात. जुमाशचा काळा होता आधी. भुंडा, बारक्या डोक्याचा, बघायला अगदीच गरीब, पण त्याची वासरं मांजरीच्या पिलासारखी पडायची आणि दोन महिन्यांत असं काही अंग धरायची की ओळखू येऊ नयेत. माझ्या मनात ठिपकीसाठी तोच होता, जुमाशच्या बायकोपाशी बोलूनही ठेवलं होतं मी. पण म्हातारे बसले आणि ठरलं, तोलोगोनच्या व्याह्याचा वळू आलाय, आता पहिला मान त्याचा. जुमाशनं आपला काळा खच्ची केला. त्याच वसंतात जुमाशची पण कालवड गेली. दोर ओढायला आला होता ना आमच्याकडे, तर त्याच्याकडे तोलोगोन गेला ओढायला, फिटंफाट. आता पंपावर पाण्याला गेले की बायका बोलायच्या थांबतात. यंदा तर तोंडावरच सांगितलंय, हा पांढरा कळपात आला तर आमच्या गायी येणार नाहीत, तुमची गुरं तुम्ही राखा. म्हणजे वाळीतच की. ज्यांनी दाढीवरून हात फिरवले ना, तेच हे.

लपवून बघितलं की कालवडींना. ठिपकीच्या मागून एक होती, तिला मी अशीच कोंडली होती, तर गवत संपलं, आणि तोलोगोननं दार उघडून दिलं. म्हणाला, व्याह्याच्या वळूपासून आपणच आपली कालवड लपवतो, हे कुणी बघितलं तर? त्यांची माणसं येतात या रस्त्यानं, मुद्दाम थांबतात, कुंपणावरनं बघून जातात. ती पण गेली. आता ही ओरडतेय ती शेवटची. एवढी एकच राहिलीय, हिच्यानंतर म्हाताऱ्या गायी तेवढ्या, मग कसला कळप आणि कसलं काय.

पोर? पोर बरी आहे. म्हणजे फोनवर बरी असते. का रे, पोरीचं काय करायचंय तुला, वळू बघायला आलास ना? फोन करते आठवड्याला. पहिला प्रश्न काय, तर आई, वळू कसा आहे. आई कशी आहे नाही, बाप कसा आहे नाही. सासू शेजारी बसलेली असते ना, कळतं मला, आवाज असा ताठ येतो, पाठ केल्यासारखा. मग मी म्हणते, छान आहे हो, तुमच्या कृपेनं सगळ्या गावाच्या गायी फळल्या. मग त्यांना व्हिडिओ लागतो वळूचा. मी त्याला साबणानं धुते, ऐकतोयस, मी, या वयात, बादलीभर गरम पाणी करून वळूला अंघोळ घालते, शेपटी विंचरते, आणि व्हिडिओ काढून पाठवते — कारण एकदा राहून गेलं होतं पाठवायचं, तर पोर पुढचा महिनाभर फोनवर आलीच नाही. काय झालं होतं ते तिनं सांगितलं नाही. त्यांनी आमच्या दारात वळू बांधलाय असं कशाला म्हणायचं, खुंट्याला तर आम्हीच बांधलेलो आहोत. लग्न झाल्यापासून एकदा आली ती, एकदाच, पोर झाल्यावर, आणि दोन रात्री राहिली. हात बघितले मी तिचे. तिनं बाह्या खाली ओढून घेतल्या.

म्हणून तर लांबचं गिऱ्हाईक हवंय. तू डोंगरापलीकडचा आहेस ना? मग झालं. तुला म्हणून सांगते, तुझ्या पोटात राहू दे — तू वळू घेऊन गेलास की आम्ही कळवणार, वरच्या कुरणावर जाताना पाय घसरला, दरीत पडला. रडायचं पण ठरलंय माझं. दरीत उतरून हाडं कोण बघतंय? व्याही हळहळेल, पोरीला चार टोमणे पडतील, पण नशिबानं मेलेल्या जनावराबद्दल कोणाला किती दिवस छळणार? ती घेईल सांभाळून. कधी तिच्या तोंडून त्यांच्याबद्दल वाकडा शब्द ऐकला नाही मी, मनातून काय शिव्याशाप देत असेल ते —

काय? नाही नाही, आत्ता काय म्हणालास? 'बुरूलवहिनी तशा नाहीत.' बुरूलवहिनी. मी तिचं नाव घेतलं नव्हतं. नवऱ्याचं घेतलं, व्याह्याचं घेतलं, मेलेल्या कालवडीचं पण घेतलं, पोरीचं नाव मी परक्यापुढे घेत नसते. आणि वहिनी कोण म्हणतं रे? दीर म्हणतो.

ओमुर्झाकचा धाकटा तू. लग्नात आला होतास, टोपी कानावर आलेली, सारखा नाक पुसत होतास. मिशा फुटल्या म्हणून ओळखलं नाही. आणि आमची मेली रीत, पाहुण्यानं भाकर मोडल्याशिवाय नाव-गाव विचारायचं नाही, आणि मोडल्यावर मी विचारलंच नाही, बोलतच सुटले. बाजारात कानावर आलं असेल पांढरा वळू विकायचाय म्हणून, आणि बापानं पाठवला तुला, जाऊन बघून ये. मला तेव्हाच कळायला हवं होतं. वळू घ्यायला आलेला माणूस आधी दात बघतो, खूर बघतो, तू साय खात बसलास.

मग ने. ने त्याला आत्ता, मी दावं सोडून देते, तोलोगोनला विचारायचं पण नाही मला. सांग बापाला, शारिपानं तुमचं जनावर परत केलं, आता तिचं लेकरू परत करा. सांग असंच्या असं, एक शब्द गाळू नको. तिला बसव गाडीत, तिला आणि नातवाला — का? मान का हलवतोस?

नातू तुमचा. हो. बरोबर आहे. नातू तुमच्या घरचा. ती एकटी यायची नाही. पोराला टाकून ती यायची नाही, मी आले नसते.

बस जरा. नको उठूस. दे तो पेला, गरम ओतते.

ऐक बाळा. माझी भाकर तू खाल्लीस, एवढं करशील. म्हातारी बाई आहे, एकटी असले की काहीबाही बरळते, नवरापण कंटाळलाय मला, खरंच विचार गावात. विकायचं कोणीतरी जळणाऱ्यानं उठवलं. कालवडी रोगानं गेल्या, रोग आला होता त्या साली, सगळीकडे होता. वळू आहे तिथेच आहे, धुतलेला, पुसलेला, डोळ्यांनी बघून आलो म्हणून सांग. आमच्या घरात त्याचा मान आहे. आमची कालवड आम्ही त्याच्यापासून लपवत नाही, हे नुसतं सांगू नको, बघूनच जा, म्हणजे बापानं शपथ घातली तरी तुला खोटं बोलायला नको. ऊठ. वळूचं दावं मी सोडते, गोठ्याची कडी तू काढ, माझ्या हातून ती निघायची नाही. दार उघडलंस की बाजूला हो, कालवड आपणहून जाईल त्याच्याकडे. बघितलंस की नीघ.